घरपट्टीविरोधातल्या मोर्चाला पहिल्यांदाच जाताय? सोलापूरकरांसाठी मार्गदर्शक

व्हॉट्सॲपवर मेसेज येतो तो साधारण असा: ‘अन्यायकारक करवाढीविरोधात महापालिकेवर भव्य मोर्चा, सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ मोर्चा कोण काढतंय, मागणी नेमकी काय आहे, पोलिसांना कळवलंय का, यातलं त्यात काहीच नसतं. तरी जावंसं वाटतं, कारण बिल घरात येऊन पडलेलं असतं आणि नळाला पाणी आलेलं नसतं. अशा वेळी पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मुरलेल्या कार्यकर्त्यांना यातलं बरंचसं माहीत असेल, पण बिलाचा भाग त्यांनीही वाचावा.

१. मेसेज पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा

पोलीस ठाण्याला पत्र दिलंय का? निवेदन लिहून तयार आहे का, आणि ते आधी वाचायला मिळेल का? मोर्चा कोणाकडे निघालाय, आयुक्तांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे की नुसताच चौकात? सरळ उत्तरं मिळाली तर जा. ‘तुम्ही या तर, बघू मग’ असं ऐकायला मिळालं तर तुमची गरज फक्त फोटोतली गर्दी वाढवायला आहे. राजकीय पक्षाने बोलावलं तरी जायला हरकत नाही. मात्र आपण पक्षाच्या कार्यक्रमाला चाललोय हे डोक्यात ठेवून जा.

२. बिल समोर घेऊन बसा

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि मोर्चा फसतो तो इथेच.

घरपट्टीचं बिल म्हणजे एक कर नाही, करांची यादी असते. सर्वसाधारण कर असतो, पाणी आणि मलनिस्सारणाशी जोडलेले कर असतात, वृक्ष उपकर असतो. त्यातच राज्य शासनाचा शिक्षण कर असतो आणि मिळकत बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी उपकरही. हे शेवटचे दोन १९६२ च्या राज्याच्या कायद्याने लागतात. महापालिका ते फक्त गोळा करते, पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. त्यांच्याविरुद्ध आयुक्तांच्या दारात कितीही बोंब मारा, आयुक्तांच्या हातात काही नसतं. चादर-टॉवेलवरच्या जीएसटीचंही तसंच, तो जीएसटी परिषदेत ठरतो. म्हणून बिलातल्या ओळींवर पेनाने खुणा करा: ही पालिकेची, ही राज्याची.

मग रक्कम वाढली कशामुळे ते बघा. पालिकेची घरपट्टी निघते ती करयोग्य मूल्यावर, म्हणजे मिळकतीला वर्षाला जेवढं भाडं येऊ शकेल त्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा करून उरलेल्या रकमेवर. त्यामुळे बिल दोन वाटांनी वाढतं. एकतर कराचा दर वाढतो, नाहीतर दर तोच राहून तुमच्या घराचं मूल्यांकन वाढतं. दरवाढ सगळ्या शहराची असते, मोर्चा त्यासाठीच. पण तुमच्या दोन खोल्यांच्या तीन झाल्या असतील किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचं बांधकाम म्हणून मोजमाप झालं असेल, तर ते तुमचं एकट्याचं प्रकरण आहे. त्यासाठी मूल्यांकनाच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. मोर्चात घसा बसवला आणि हरकतीची तारीख हुकवली तर हाती काही लागत नाही.

पालिका घरपट्टीच्याच मागे का लागते, हेही समजून घ्या. पूर्वी जकात होती, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागला. आता पालिकेला राज्याकडून अनुदान येतं, आणि स्वतःच्या हातात उरलेला मोठा कर म्हणजे मिळकत कर. पैसे कमी पडले की हात तिथेच जातो. हे माहीत असलं की समोरच्या अधिकाऱ्याच्या ‘उत्पन्नच नाही हो’ या वाक्याला उत्तर देता येतं: उत्पन्न कुठून आणायचं ते नंतर बघू, आधी गेल्या वर्षी खर्च कशावर केला ते सांगा.

३. खर्चाचा एक तरी आकडा खिशात ठेवा

‘कर कमी करा’ ही मागणी कोणीही करतो आणि तिला ‘विचार करू’ हे उत्तर ठरलेलं आहे. खर्चाचा प्रश्न टाळणं अवघड जातं.

पालिकेचं अंदाजपत्रक मिळवा. त्यात गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा आणि खर्च किती झाला, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षाचा अंदाज किती हे शेजारी शेजारी असतं. पेपरात बातमी येते ती शेवटच्या, फुगलेल्या आकड्याची. तुम्ही पहिला आकडा वाचा. एखाद्या कामाला दरवर्षी तरतूद दिसते आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात शून्य असतो, अशी एक ओळ सापडली तरी तुमचा फलक तयार झाला.

अंदाजपत्रकात नसलेलं माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय चालतो आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो. उत्तराची मुदत तीस दिवस, म्हणजे मोर्चाच्या आदल्या आठवड्यात अर्ज टाकून उपयोग नाही. एक खास सोलापुरी मेखही आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपला नंबर लागला, पण ती कामं झाली वेगळ्या कंपनीमार्फत. त्यामुळे त्या खर्चाबद्दल नुसत्या पालिकेला विचारलं की ‘ही माहिती आमच्याकडे नाही’ असं उत्तर येऊ शकतं. अर्ज कंपनीच्या माहिती अधिकाऱ्यालाही करा. शंभरएक किलोमीटरवरच्या उजनीहून येणाऱ्या दुहेरी जलवाहिनीवर आजवर किती खर्च झाला आणि तुमच्या पेठेत किती दिवसांआड पाणी येतं, हे दोन आकडे शेजारी लिहिले की भाषणाची गरज उरत नाही.

४. तारखेचा विचार

पुढच्या वर्षीच्या करांचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, तसं महापालिका अधिनियमातच आहे. घरपट्टी सहामाही, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होते. आपल्याकडे लोकांना जाग येते ती बिल दारात पडल्यावर. तोवर दर ठरून गेलेले असतात आणि डोक्यावर चाळीस अंशांचं ऊन असतं. दरवाढ थांबवायची असेल तर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा पकडा. संयोजकांशी ओळख असेल तर त्यांच्या कानावर घालाच. संक्रांतीच्या आसपासचे दिवस मात्र सोडा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पोलीसही अडकलेले असतात आणि शहरही.

५. परवानगी, जमावबंदी वगैरे

शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलाय. त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(३) आहे. त्याखाली आदेश निघाला की पाच किंवा जास्त जणांना परवानगीशिवाय जमता येत नाही. शहरात तो पोलीस आयुक्त काढतात, एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतचा. सणवार, निवडणूक, परीक्षा असं काहीतरी असतंच, त्यामुळे आदेश लागू आहे असं धरून चाला आणि परवानगीचं पत्र संयोजकांकडे आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

संयोजकांना आदल्या दिवशी पोलिसांची नोटीस येते. लोक तिला अजून ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६८ झालंय. ती नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, ताकीद आहे. मोर्चात पोलिसांनी गाडीत बसवलं तर बहुतेकदा पोलीस अधिनियमाच्या ६८-६९ खाली नेतात आणि काही तासांनी सोडतात. रीतसर अटक झालीच तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, आणि सूर्यास्तानंतर महिलेला अपवाद सोडता अटक करता येत नाही. सरकारी नोकरीत असाल तर आधी आपले आचरण नियम वाचा. पासपोर्टचा अर्ज टाकला असेल तर गुन्हा नोंद होईल अशा कुठल्याही प्रकारापासून चार हात लांब राहा.

६. सोबत काय न्यायचं

बिलाची झेरॉक्स, ओळखपत्र, पाणी, टोपी किंवा उपरणं. बीपी-शुगरच्या गोळ्या. घरच्यांचे नंबर कागदावर लिहून, कारण मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो. धरणे आंदोलन असेल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, दिवसभर खराब होत नाही.

झेंड्याला जाड काठी नको. ३७(१) खाली लाठीकाठी बाळगायला मनाई असते आणि तेवढं कारण पुरतं. फलक पुठ्ठ्याचा, अक्षर मोठं, मजकूर एका ओळीचा. ‘पाणी पाच दिवसांनी, पट्टी ३६५ दिवसांची’ एवढं पुरे. पूर्व भागातून लोक येणार असतील तर दोन फलक तेलुगूत करा, कन्नड आणि उर्दूतही करा. या शहराची घरपट्टी काही फक्त मराठी माणूस भरत नाही.

७. प्रत्यक्ष मोर्चात

कर पालिकेचा असेल तर पालिकेवर, इंद्रभवनाच्या आवारात. प्रश्न जिल्हा परिषदेचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडचा असेल तर पूनम गेट, तिथे आठवड्यातून कोणी ना कोणी बसलेलं असतंच. निघायची जागा म्हणून चार हुतात्मा पुतळा अनेकांना आवडतो, आणि करासाठी निघालेल्या माणसांना ती शोभतेही. १९३० चं आंदोलन मिठावरच्या करापासूनच पेटलं होतं. त्यातून सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली.

ओळखीच्या दोघा-तिघांसोबत चाला, अगदी पुढे नको आणि अगदी शेपटालाही नको. हलगी असेल तर तिच्यापासून जरा लांब, नाहीतर शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही. रुग्णवाहिकेला वाट द्या. बंदोबस्तावरच्या पोलिसांशी हुज्जत घालू नका, तेही घरपट्टी भरतात आणि तेही त्याच उन्हात उभे असतात. कर्मचाऱ्याच्या अंगावर शाई फेकणं, टेबल उलटवणं, कोंडून ठेवणं असं काही सुरू झालं तर तिथून निघा. सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी केलेल्या हल्ल्याचं, पूर्वी ज्याला ‘३५३’ म्हणत ते कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे, आणि ते लागलं की घरपट्टीचा विषय संपतो, तुमच्या वकिलाच्या फीचा सुरू होतो.

माईक पुढे आला तर एकच वाक्य बोला, आकड्यासकट: माझं बिल एवढं होतं, एवढं झालं, पाणी एवढ्या दिवसांनी येतं.

व्यासपीठावरून ‘कोणीही कर भरू नका’ अशी आरोळी आली तर टाळ्या वाजवा, पण घरी जाऊन बिल भरा. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला चोवीस. आरोळी देणारा तो भरायला येत नाही. पैसे भरताना ‘हरकत राखून भरत आहे’ असं पत्र जोडा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या.

८. निवेदन आणि पोच

माझ्या मते मोर्चात हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि हिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. घोषणा होतात, शिष्टमंडळ वर जातं, हसतमुख फोटो निघतो, आणि निवेदन साहेबांच्या टेबलावरच राहतं. दुसऱ्या दिवशी ते कुठे गेलं ते कोणालाच सांगता येत नाही.

निवेदन एका पानाचं हवं. मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकीपुढे कोणी, कधीपर्यंत काय करायचं ते लिहिलेलं हवं. ‘न्याय द्यावा’ ही मागणी नव्हे. ‘दरवाढीचा प्रस्ताव मागे घेतल्याचं पंधरा दिवसांत लेखी कळवावं’ ही मागणी. शिष्टमंडळात पाच जण पुरतात. त्यात पाण्यासाठी रात्री जागणारी एखादी गृहिणी आणि गिरणीतून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा पेन्शनर असू द्या. पुढाऱ्यापेक्षा त्यांना टोलवणं अधिकाऱ्याला जड जातं.

साहेबांना दिलेल्या प्रतीशिवाय दुसरी प्रत आवक-जावक विभागात द्या, आणि तिसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणाले तरी चालतं, आवक-जावकच्या खिडकीला साहेब लागत नाहीत. पोच हातात येईपर्यंत मोर्चा विसर्जित करू नका, निदान दहा-बारा जण तरी थांबा. पोचेचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका, म्हणजे कागद एकाच घरात अडकत नाही.

९. तीस दिवसांनंतर

महिनाभर वाट पाहून माहिती अधिकारात एवढंच विचारा: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर आजवर झालेली कार्यवाही, टिपणीसह. मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. तिथेही समाधान झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे वैयक्तिक तक्रार चालते, म्हणून मोर्चातल्या प्रत्येकाने आपापल्या बिलाचा अर्ज वेगळा भरावा.