लोकसंख्या संशोधनाची तयारी : प्रश्न, डेटा, परवानग्या आणि संधी

डेटाच्या शोधाला लागण्यापूर्वी आपला संशोधनप्रश्न कागदावर अशा रीतीने उतरवावा, की घटना कोणती, ती कोणाच्या बाबतीत घडू शकते आणि कोणत्या कालखंडात, या तीनही गोष्टी त्यातून स्पष्ट व्हाव्यात. पुष्कळदा क्रम उलटा होतो. हाताशी आलेल्या फायलीत काय काय आहे ते पाहून प्रश्न बेतला जातो आणि मग त्या प्रश्नाला कुठेच धार येत नाही. आईच्या शिक्षणानुसार बालमृत्यूचे प्रमाण कसे बदलते, हे पाहायचे असेल तर प्रत्येक आईच्या सर्व अपत्यांचा जन्ममृत्यूचा वृत्तान्त लागतो. एखाद्या देशातील आयुर्मानाची वाढ मुख्यतः कोणत्या वयोगटांमुळे झाली, हे शोधायचे असेल तर वयवार जीवनसारण्यांची, म्हणजे प्रत्येक वयाला मृत्यूची शक्यता आणि उरलेले आयुष्य दाखवणाऱ्या तक्त्यांची, लांब मालिका लागते. दोन्ही प्रश्न मृत्यूविषयीच आहेत, पण त्यांना लागणारे स्रोत मुळातच वेगळे आहेत.

त्यानंतर ठरवावे, की आपल्याला तयार आकडे पुरतील की व्यक्तिवार नोंदींचा मायक्रोडेटा हवा. तयार आकड्यांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाचे ‘वर्ल्ड पॉप्युलेशन प्रॉस्पेक्ट्स’ हाताशी असतेच. त्याच्या २०२४च्या आवृत्तीत २३७ देशांचे व प्रदेशांचे १९५० ते २०२३पर्यंतचे अंदाज आणि २१००पर्यंतची प्रक्षेपणे आहेत, आणि ती कोणत्याही परवानगीविना उतरवून घेता येतात. मात्र ज्या देशांत जन्ममृत्यूची नोंदणी अपुरी आहे, तेथील हे आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नसून सर्वेक्षणे, जनगणना आणि गणिती प्रारूपे यांच्या मिश्रणातून काढलेले असतात. असा मृत्युदर समीकरणाच्या एका बाजूला ठेवून त्याचे ‘कारण’ दुसऱ्या बाजूला शोधणे, म्हणजे बरेचदा प्रारूप रचणाऱ्यांची गृहीतकेच पुन्हा शोधून काढणे होय. ही चूक नवख्यांपुरती मर्यादित नाही, म्हणून वापरायच्या प्रत्येक देशाच्या अंदाजामागे कोणते स्रोत आहेत ते त्या आवृत्तीच्या पद्धतिविषयक टिपांत पाहून घ्यावे. याउलट ‘ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस’मध्ये नोंदणी आणि जनगणना जवळजवळ परिपूर्ण असलेल्या देशांनाच प्रवेश आहे. त्यामुळे तेथे सुमारे चाळीस देशच सापडतात, पण स्वीडनसारख्या देशाची मालिका १७५१पासून मिळते. जननदरासाठी तिची धाकटी बहीण म्हणावी अशी ‘ह्यूमन फर्टिलिटी डेटाबेस’ आहे. दोन्हींसाठी नावनोंदणी करावी लागते. पैसे लागत नाहीत.

मायक्रोडेटाचे जग अधिक विस्तीर्ण आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील जनन, बालमृत्यू, कुटुंबनियोजन आणि पोषण यांसाठी १९८४मध्ये सुरू झालेला ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ अर्थात डीएचएस हा कार्यक्रम आणि युनिसेफची मिक्स (मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हे) सर्वेक्षणे हे दोन मोठे आधार आहेत. मात्र मिक्सच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतील बहुतेक सर्वेक्षणांत संपूर्ण जन्मवृत्तान्त नाही, हे निवड करतानाच लक्षात घ्यावे. जनगणनांचे नमुने हवे असतील तर मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स प्रकल्पाकडे जावे. शंभराहून अधिक देशांच्या जनगणनांतील चल (वय, शिक्षण यांसारखी नोंदलेली प्रत्येक बाब) त्यांनी एकाच संकेतपद्धतीत बसवले आहेत, त्यामुळे महिनोन्‌महिन्यांची जुळवाजुळव वाचते. वृद्धत्वाच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’च्या धर्तीवर अनेक देशांत पाहण्या झाल्या असून ‘गेटवे टू ग्लोबल एजिंग डेटा’ त्यांचे चल एकमेकांशी जुळवून देतो. विवाह, सहजीवन आणि पिढ्यांमधील नाती यांसाठी ‘जनरेशन्स अँड जेंडर प्रोग्राम’ आहे. एकाच भूभागातील माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा हवा असेल, तर बांगलादेशातील मतलब किंवा दक्षिण आफ्रिकेतील अगिनकोर्ट यांसारख्या निगराणी केंद्रांचा विचार करावा. तेथे अनेकदा केंद्रातील संशोधकांशी सहकार्य जुळवावे लागते आणि ते एका ईमेलने होत नाही.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. डीएचएस हा कार्यक्रम अनेक दशके अमेरिकी सरकारच्या विकासनिधीवर चालला आणि २०२५च्या फेब्रुवारीत तो निधी बंद झाला, तेव्हा डेटासाठी नव्याने केलेल्या विनंत्या काही काळ अडकून पडल्या. ज्यांचे प्रबंध फक्त त्याच फायलींवर बेतलेले होते, त्यांची मोठी कोंडी झाली. म्हणून आराखड्यात मुख्य स्रोताशेजारी एक पर्यायी स्रोत पहिल्यापासूनच लिहून ठेवावा आणि तो खरोखर चालेल का, हे त्यातील दोन-तीन महत्त्वाचे चल तपासून पाहावे.

परवानगीचा अर्ज ही औपचारिकता समजू नये. बहुतेक संग्रहांना संस्थेचा ईमेल पत्ता, प्रकल्पाचे शीर्षक, कोणता डेटा कशासाठी हवा याचे वर्णन आणि सहसंशोधकांची नावे लागतात. ‘आरोग्यविषयक अभ्यासासाठी’ एवढेच लिहिलेला अर्ज परत येण्याची शक्यता असते. प्रश्न, देश, वर्षे, मुख्य चल आणि विश्लेषणाची रीत सात-आठ वाक्यांत मांडलेला अर्ज सहसा अडत नाही. नमुना-समूहांची, म्हणजे सर्वेक्षणासाठी निवडलेल्या गाव-वस्त्यांची, भौगोलिक स्थाने हवी असतील तर त्यांचे वेगळे समर्थन द्यावे लागते, आणि ती मिळाली तरी डीएचएसमध्ये गोपनीयतेसाठी शहरी समूह दोन किलोमीटरपर्यंत, तर ग्रामीण समूह पाच किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेले असतात. शंभरात एखादा ग्रामीण समूह दहा किलोमीटरपर्यंतही सरकतो. दवाखान्यापासूनचे अंतर मोजण्याचा बेत असेल तर या एका गोष्टीमुळे आराखडाच बदलावा लागू शकतो. निनावी डेटासाठीही आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीचे सूटपत्र लागते का, हे आधी विचारावे. नियतकालिके ते मागतात. मिळालेली फाइल सहकाऱ्याला परस्पर पाठवू नये, त्याचे नाव अर्जात जोडून घ्यावे.

फाइल हाती आल्यावर विश्लेषणापूर्वीचे दिवस कोडबुक (फायलीतील चलांची व संकेतांची यादी) आणि प्रश्नावली यांच्या वाचनासाठी राखून ठेवावेत. या टप्प्यावरची कंजुषी पुढे फार महाग पडते. डीएचएसच्या एकाच सर्वेक्षणातून स्त्रियांची, जन्मांची, पाच वर्षांखालील मुलांची आणि घरांची अशा वेगवेगळ्या फायली निघतात. एका ओळीत एक स्त्री आहे की एक जन्म, हे न पाहता काढलेले प्रमाण निरर्थक ठरते. प्रत्येक नोंद किती लोकांचे प्रतिनिधित्व करते हे सांगणाऱ्या भारांकाचा चल दशांशचिन्हाविना नोंदलेला असतो, म्हणून त्याला दहा लाखांनी भागावे लागते. शिवाय तो त्या-त्या सर्वेक्षणापुरताच बेतलेला असल्यामुळे अनेक देश एकत्र करताना लोकसंख्येच्या प्रमाणात पुन्हा बसवावा लागतो. तारखा १९००पासून मोजलेल्या महिन्यांत असतात : जानेवारी १९९०चा क्रमांक १०८१. पण नेपाळच्या फायलींत हीच मोजणी विक्रम संवताने केलेली असल्यामुळे २०१६च्या सर्वेक्षणात मुलाखतीचे वर्ष २०७३ दिसते, आणि इथिओपियाची दिनदर्शिकाही वेगळी असल्याने तेथील महिन्यांत ९२ मिळवल्यावरच ते इतर देशांच्या मोजणीशी जुळतात. हे ठाऊक नसलेल्याने देशांची तुलना केली तर संगणक तक्रार करीत नाही.

डेटाच्या गुणवत्तेची तपासणीही याच टप्प्यात उरकावी. शून्य आणि पाच या अंकांवर संपणाऱ्या वयांची गर्दी होते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून छुपा दोष असा, की ठरावीक वर्षानंतर जन्मलेल्या मुलांबद्दल आरोग्याचे लांबलचक प्रश्न विचारायचे असल्याने काही मुलाखतकार मुलाचा जन्म त्या सीमारेषेच्या मागे ढकलतात. वर्षवार जन्मांचा साधा आलेख काढून सीमेच्या अलीकडे खळगा आणि पलीकडे उंचवटा दिसतो का, ते पाहावे; दिसल्यास अलीकडच्या पाच वर्षांचा जननदर कमी भासत असण्याची शक्यता गृहीत धरून पुढे जावे.

आता संधींकडे वळू. त्यांचे वेळापत्रक डेटाच्या वेळापत्रकाला विचारून ठरत नाही, म्हणून पुढील दोन वर्षांच्या तारखा एकाच तक्त्यात मांडून उलट क्रमाने काम आखावे. १९२८मध्ये स्थापन झालेल्या आयुएसएसपी या लोकसंख्या-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची परिषद साधारणपणे चार वर्षांनी भरते. २०२५ची ब्रिस्बेनला झाली. युरोपीय लोकसंख्या परिषद दर दोन वर्षांनी असते. अमेरिकेच्या पॉप्युलेशन असोसिएशनची बैठक दरवर्षी वसंत ऋतूत होते आणि तिचे गोषवारे आदल्या वर्षीच द्यावे लागतात. गोषवाऱ्यासोबत काही पानांचा विस्तृत सारांशही अनेकदा मागितला जात असल्याने निदान प्राथमिक निष्कर्ष तोवर हाती असायला हवेत. म्हणजेच डेटाची परवानगी त्याच्याही काही महिने आधी. प्रवासखर्चाचे साहाय्य हवे असेल तर त्याच्या अटी आणि मुदत गोषवाऱ्याच्या अर्जासोबतच वाचाव्यात.

प्रशिक्षणाच्या संधींपैकी ऑस्ट्रियातील लाक्सेनबुर्ग येथील आयआयएएसए संस्थेचा तीन महिन्यांचा उन्हाळी कार्यक्रम पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे, तर मिशिगन विद्यापीठातील आयसीपीएसआर हा मोठा डेटासंग्रह संख्याशास्त्रीय पद्धतींचे उन्हाळी वर्ग चालवतो. लोकसंख्याशास्त्राचा भक्कम गणिती पाया हवा असलेल्यांनी ‘युरोपियन डॉक्टरल स्कूल ऑफ डेमोग्राफी’चा वर्षभराचा अभ्यासक्रम पाहावा. अशा अर्जांत शिफारसपत्रे निर्णायक ठरतात. शिफारस करणाऱ्यांना किमान महिनाभर आधी विचारावे, आणि सोबत आपला आराखडा, अद्ययावत परिचयपत्र आणि त्यांनी कोणत्या कामाचा उल्लेख करावा असे वाटते, हे एका पानावर द्यावे. व्यग्र माणसाकडून नेमके पत्र मिळवण्याचा याहून चांगला मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

संगणकाच्या बाजूने फार काही लागत नाही. आर ही प्रणाली विनामूल्य आहे, आणि नमुना-रचनेसह विश्लेषण करण्यासाठी तिच्यातील ‘सर्व्हे’ हे पॅकेज पुरेसे आहे. मूळ फाइल कधीही बदलू नये, सर्व फेरफार लिहिलेल्या आज्ञावलीतूनच करावेत. डेटा कोणत्या तारखेला उतरवला, कोणती आवृत्ती होती आणि आयपम्ससारख्या ठिकाणी आपल्या निवडीचा क्रमांक काय होता, हे त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर-फायलीत लिहून ठेवावे. या स्रोतांच्या सुधारित आवृत्त्या निघत राहतात, आणि परीक्षकाने वर्षभराने आकडा पुन्हा काढून मागितला तर तो आधीच्याशी जुळण्यासाठी ही नोंद लागते.