यॉर्कचा तट चालावा कसा, वाचावा कसा

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचा तट सुमारे ३.४ किलोमीटर उरला आहे. न थांबता चाललात तर दोन तास पुरतात. पण बघत जायचं तर दिवस हाताशी ठेवा. तिकीट नाही. अंधार पडायच्या सुमारास वर जायची दारं बंद होतात, बर्फ धरला की दिवसासुद्धा. फांजीच्या, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेच्या, आतल्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडा नाही, तेव्हा फोटोसाठी मागे सरकू नका.

आधी शब्दांचा घोळ. इथे 'बार' म्हणजे वेस, आणि 'गेट' म्हणजे रस्ता. हा 'गेट' व्हायकिंगांच्या भाषेतून आला. त्यांनी ८६६ मध्ये शहर घेतलं होतं. स्टोनगेटला जाऊन दरवाजा शोधाल तर दुकानंच सापडतील.

सुरुवात म्युझियम गार्डन्समधल्या मल्टँग्युलर टॉवरपासून करा. इ. स. ७१ मध्ये रोमनांनी ऊझ आणि फॉस या नद्यांच्या बेचक्यात लष्करी तळ वसवला. त्याच्या पश्चिम कोपऱ्याचा हा बुरूज. खालचे लहान दगड आणि लाल विटांचा पट्टा रोमन, वरचे मोठे दगड मध्ययुगीन. ही खूण डोळ्यांत बसली की पुढचं वाचणं सोपं.

मग बूथम बारवरून चढून मंक बारपर्यंत जा. वेळ कमी असेल तर एवढाच टप्पा करा. पायाखालच्या मातीच्या बांधात रोमन भिंत गाडलेली आहे. उजवीकडचं मिन्स्टर, म्हणजे इथलं कॅथेड्रल, सुमारे १२२० ते १४७२ या काळात बांधलं. ते भोवतालच्या रस्त्यांना तिरकं का? स्टोनगेट आणि पीटरगेट हे तळाच्या मुख्य रस्त्यांवरून जातात, आणि तळ नैर्ऋत्येला, नदीकडे तोंड करून होता. चर्च मात्र रिवाजाप्रमाणे पूर्व-पश्चिम.

मंक बारच्या पुढे लेयरथॉर्पला तट अचानक संपतो. इथे बरेच जण वाट चुकली समजून माघारी फिरतात. भिंत पडलेली नाही. इथे ती कधी नव्हतीच. विल्यम राजाने किल्ल्याच्या खंदकासाठी फॉस अडवली, वरच्या अंगाला मोठं तळं साचलं, आणि त्या दलदलीनेच तटाचं काम केलं. आता तिथे फॉस आयलंड्स रोड आहे. तोच धरून विटांच्या रेड टॉवरपाशी या, तट पुन्हा सुरू.

पुढे वॉमगेट बार. दारापुढे दोन समांतर भिंतींची अरुंद गल्ली आहे. आपल्या किल्ल्यांवरची जिभी, म्हणजे दाराच्या रक्षणासाठी पुढे बांधलेली आडभिंत, पाहिलेल्याला तिचं काम सांगायला नको. इंग्लंडमधल्या शहरवेशींपैकी ती फक्त इथेच शाबूत आहे.

फिशरगेटला उतरून क्लिफर्ड्स टॉवरवरून स्केल्डरगेट पूल ओलांडा. ऊझला पूर असेल तर काठची पायवाट पाण्याखाली जाते, वरचा रस्ता धरा. पलीकडे बेल हिलपासून मिकलगेट बारपर्यंत तट सलग आहे. लंडनकडून येणारा रस्ता याच वेशीतून आत शिरे, म्हणून देशद्रोह्यांची मुंडकी इथे टांगत. १४६० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कचंही. त्यापुढच्या तटातल्या कमानी रेल्वेच्या: १८४१ चं स्टेशन तटाच्या आत होतं, त्यासाठी भिंत फोडली. तिथून लेंडल पुलापाशी खाली उतरा.