जादूला आधी कुंपण घाला

मुलांसाठी जादूची कादंबरी लिहायला घेतली की पहिल्यांदा सुचतं ते जादू काय काय करू शकते हे. वहीत आधी उतरवायचं असतं ते ती काय करू शकत नाही, आणि तेही एकाच वाक्यात. आठ ते बारा वर्षांचा वाचक नियमातली पळवाट लगेच पकडतो.

इंग्लिश लेखिका ई. नेस्बिट यांची १९०२ची 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' ही मुलांची कादंबरी याच कामासाठी पुन्हा वाचावी. वाळूत राहणारा प्राणी रोज एक इच्छा पुरी करतो, सूर्य मावळला की ती विरते. नियम एवढाच. मुलं देखणी होतात, तर घरचं तान्हं त्यांना ओळखत नाही, दाई घरात घेत नाही आणि जेवण बुडतं. खड्डाभर सोन्याची नाणी मिळतात, पण जुनी. दुकानदार घ्यायला तयार नाहीत. पंख मिळतात आणि चर्चच्या मनोऱ्यावर झोप लागलेली असताना नाहीसे होतात. इथे राक्षस लागत नाही, भूक आणि खाली उतरायची पंचाईत पुरते. अमेरिकन लेखक एडवर्ड ईगर यांच्या 'हाफ मॅजिक' कादंबरीतलं (१९५४) जादूचं नाणं मागितलेल्याच्या निम्मंच देतं, म्हणून दुप्पट मागायचं गणित मुलांबरोबर वाचकही करू लागतो.

नियम ठरला की कथानकाकडे वळू नका. आधी तुमच्या कथेतल्या मुलांच्या एका दिवसाचं अर्ध्या अर्ध्या तासाचं वेळापत्रक मांडा: नळाला पाणी कधी येतं, रिक्षावाले काका कधी येतात, क्लास किती वाजता, किल्ली कोणाकडे, आजी कधी आडवी होते. मग जादू सर्वांत अडचणीच्या वेळेवर आणून ठेवा. हे वेळापत्रक नसेल तर जादू हवेत तरंगते, कारण तिला बिघडवायला काहीच नसतं.

मुलं तीन ते पाच ठेवा आणि प्रत्येकाचा हट्ट वेगळा. जादू पहिल्याच प्रकरणात येऊ द्या, तिच्याआधी दोन-तीन पानं साधं घर पुरे. मोठ्यांना ती का दिसत नाही, याचं कारणही तिथेच पेरा. आईबाबांना गावाला पाठवणं सोपं आहे; ते घरात असूनही कळू न देणं जास्त रंगतं.

जादूच्या प्राण्याला ऋषींची भाषा देऊ नका. नेस्बिटचा प्राणी चिडका आहे, पाण्याला घाबरतो, कधीकाळी भिजलेला मिशीचा एक केस त्याला अजून सतावतो. अशा एका तक्रारीने तो खरा होतो.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते: प्रसंग अडला की लेखक नवीच शक्ती काढतो. सुटकेला लागणारी नियमाची बाजू तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच एखाद्या किरकोळ फजितीत दाखवून ठेवा.

खर्डा झाला की नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. "मग त्यांनी तेच का नाही मागितलं?" असं जिथे विचारलं जाईल तिथे समासात खूण करा. दुरुस्ती त्या पानावर नव्हे, नियम पहिल्यांदा सांगितला त्या पानावर करा.