इसानच्या खेड्यात घरजावई होताना

मराठीत ‘घरजावई’ हा शब्द सहसा कौतुकाने उच्चारला जात नाही. थायलंडच्या ईशान्येकडील इसान या पठारी प्रदेशात मात्र लग्नानंतर जावयाने सासरी राहायला येणे हीच जुनी रीत आहे. मुली आईच्या घराजवळ संसार थाटतात, धाकटी मुलगी बहुधा आईवडिलांच्याच घरात राहून त्यांचे म्हातारपण सांभाळते आणि पुढे ते घर तिच्याकडे जाते. उदोन थानी, खोन केन, बुरीराम, सुरीन, रोई एत अशा वीस प्रांतांच्या या भागातील पुष्कळ खेड्यांत आज एखादा तरी परदेशी जावई सापडतो. गोऱ्या जावयाला तेथे ‘खेय फरांग’ म्हणतात. यांपैकी अनेकांची फसगत एकाच गैरसमजातून होते. आपण पत्नीसह स्वतंत्र बिऱ्हाड मांडले आहे, असे त्यांना वाटत असते. गावाच्या दृष्टीने मात्र ते सासूच्या घरात दाखल झालेले असतात. जमीन, पैसा आणि रोजचा दिवस यांविषयीचे जवळजवळ सर्व निर्णय ही गोष्ट ध्यानात ठेवून घ्यावे लागतात.

पुढील मजकूर परदेशी पतीला समोर ठेवून लिहिला आहे, कारण खेड्यांत त्यांचेच प्रमाण अधिक आहे. परदेशी पत्नीसाठी मुक्काम-परवान्याच्या आर्थिक अटी वेगळ्या आहेत. जमिनीचे नियम मात्र तिलाही हेच लागू होतात.

पहिली सूचना अशी की, घर बांधण्याची घाई करू नये. नोव्हेंबर ते जानेवारी या थंड, कोरड्या दिवसांत भाताची कापणी उरकत आलेली किंवा उरकलेली असते, हवा प्रसन्न असते आणि गाव फार देखणे दिसते. नेमक्या याच काळात सुट्टीवर आलेला माणूस आयुष्यभराचा निर्णय घेऊन मोकळा होतो. त्याने एप्रिलमधील चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा, त्याआधीच्या महिन्यांतील ऊस आणि धसकटे जाळल्याचा धूर, पावसाळ्यातील चिखल आणि सोंगक्रान, म्हणजे एप्रिलमधील थायी नववर्षाचा सण, संपल्यावर बँकॉककडे परतलेल्या तरुणांमागे उरलेले, आजी-आजोबा आणि नातवंडांचे शांत गाव हे सर्व पाहिलेले नसते. म्हणून एक संपूर्ण वर्ष जवळच्या तालुक्याच्या गावी, म्हणजे ‘अम्फो’च्या ठिकाणी, भाड्याने राहून सासरी येजा करावी. सासूला याचे वाईट वाटण्याची शक्यता असते. तेव्हा इमिग्रेशनची आणि जिल्हा कार्यालयाची कामे तेथून सोयीची पडतात, असे पत्नीनेच सांगावे.

जमिनीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. १९५४ च्या जमीन संहितेनुसार परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये सर्वसाधारणपणे जमिनीची मालकी मिळत नाही. परदेशी पती असलेल्या थायी स्त्रीला जमीन घेता येते, परंतु खरेदीचा पैसा तिचा स्वतःचा असून जमीन ही तिची वैयक्तिक मालमत्ता राहील, असे निवेदन पती-पत्नींना जमीन कार्यालयात द्यावे लागते. त्यावर सही करताना पती आपला दावा सोडत असतो. पैसा प्रत्यक्षात कोणाचा होता, हा वाद नंतर उकरून काढण्यात अर्थ नसतो. परत न मिळाला तरी चालेल इतकाच पैसा जमिनीत घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद कोणता आहे हे सही करण्यापूर्वी पाहावे. ‘छनोत’ हे मोजणी झालेल्या जमिनीच्या पूर्ण मालकीचे पत्र होय. आपल्याकडील सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा असतो, तसे छनोतचे नाही. त्याचे वजन अधिक आहे. ‘नो सो ३ को’ हा त्याखालोखालचा कागद आहे. ‘सो पो को’ प्रकारची जमीन मात्र शासनाने जमीन सुधारणेखाली शेतकऱ्याला कसण्यासाठी दिलेली असते. ती विकता येत नाही, वारसांकडे जाऊ शकते, आणि तरीही गावात तिचे तोंडी व्यवहार होत असतात. अशा जमिनीवर कायमचे मोठे घर बांधण्याच्या फंदात पडू नये. जमीन ‘राय’मध्ये मोजतात. एक राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने सुमारे पावणेसोळा गुंठे. एका एकरात अडीच रायांपेक्षा किंचित जास्त जमीन बसते.

जमीन मिळत नसली तरी तीवर राहण्याचा हक्क नोंदवता येतो, आणि ही तजवीज बहुतेक जण कंटाळा करून टाळतात. ३० वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करता येतो. तो तीन वर्षांहून अधिक मुदतीचा असेल तर जमीन कार्यालयात नोंदवल्याशिवाय तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. दुसरा मार्ग उपभोगाधिकाराचा आहे. त्याला थायी भाषेत ‘सित्थी केप किन’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर हा ‘गोळा करून खाण्याचा हक्क’ ठरतो, आणि त्यातील ‘सित्थी’ म्हणजे आपल्या ओळखीची संस्कृत ‘सिद्धी’च आहे. हा हक्क तहहयात देता येतो, छनोतच्या पाठीमागे त्याची नोंद होते आणि मालक बदलला किंवा वारला तरी तो संपत नाही. हक्कदाराच्या मृत्यूबरोबर मात्र तो संपतो. यात एक मेख आहे. पती-पत्नींनी विवाहकाळात आपसात केलेला मालमत्तेविषयीचा करार दोघांपैकी कोणालाही विवाह चालू असताना, किंवा विवाह संपल्यापासून एका वर्षाच्या आत, रद्द करता येतो. म्हणून जमीन सासूच्या नावावर असतानाच तिच्याकडून हा हक्क नोंदवून घेणे काही वेळा अधिक भक्कम ठरते. थायी वकिलाचा सल्ला येथे घ्यावा, आणि तो वकील जमीन विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

पत्नी आधी वारली तर कायदेशीर वारस म्हणून पतीचा जमिनीत वाटा निघतो, परंतु प्रत्यक्षात त्याला ती जमीन ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त एका वर्षात, विकावी लागते. मग विकत घेणार कोण, तर मेहुणे आणि साडू. त्यांच्याशी संबंध कसे आहेत यावर त्या वर्षाची किंमत ठरते.

मुक्कामाचे कागद त्यामानाने सरळ आहेत, पण त्यांत खंड पडून चालत नाही. थायी पत्नीच्या आधारे एका वर्षाची मुदतवाढ मिळवण्यासाठी परदेशी पतीच्या स्वतःच्या नावावर थायी बँकेत ४,००,००० बात (थायी चलन) किमान दोन महिने असावे लागतात, किंवा दरमहा ४०,००० बात उत्पन्न दाखवावे लागते. वय पन्नास किंवा अधिक असेल तर निवृत्तीच्या आधारावर ही मुदतवाढ घेता येते. तेथे आकडे ८,००,००० आणि ६५,००० असे आहेत. बँकेतील रक्कम दुप्पट असली तरी ज्यांना झेपते त्यांनी दुसऱ्या मार्गाचाही विचार करावा, कारण तो पत्नीच्या हयातीवर अवलंबून नसतो. विवाहाच्या आधारावर अर्ज करताना पत्नीला बरोबर न्यावे लागते, घरातील दोघांची छायाचित्रे आणि घराचा नकाशा जोडावा लागतो, आणि अधिकारी कधी प्रत्यक्ष घरी येऊन शेजाऱ्यांकडे विचारपूस करतात. गावप्रमुखाशी, म्हणजे ‘फूयायबान’शी, आधीपासून नीट ओळख असणे हे केवळ शिष्टाचाराचे काम नाही, ते यासाठी.

घरमालकाने, म्हणजे बहुधा पत्नीने किंवा सासूने, परदेशी पाहुणा घरी आल्याची खबर २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते, आणि त्यानंतर परदेशी व्यक्तीने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो. मायदेशी जाताना पुनःप्रवेशाचा परवाना घेतला नाही तर वर्षाची मुदतवाढ तेथेच संपते. कामाच्या परवान्याशिवाय शेतात राबणे किंवा पत्नीच्या दुकानात गल्ल्यावर बसणेही अडचणीत आणू शकते; गावात कोणी हटकत नाही, पण तक्रार करणारा एकच पुरतो.

एक बारीक सूचना मराठी वाचकांसाठी मुद्दाम देतो. आपले नाव थायी लिपीत प्रत्येक अनुवादक आपापल्या कानाने लिहितो, आणि वडिलांचे नाव मध्ये असले की गोंधळ वाढतो. विवाहनोंदणीत जे अक्षरलेखन झाले असेल तेच बँकेत, वाहन परवान्यात आणि परदेशी रहिवाशांसाठी असलेल्या पिवळ्या घरनोंदणी पुस्तिकेत जसेच्या तसे असावे असा आग्रह धरावा. कागदांवरील सन बुद्धसंवताचा असतो. त्यातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळते. २०२५ हे साल तेथे २५६८ असे लिहिले जाते. कराचीही दखल घ्यावी. वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहणारा माणूस थायलंडमध्ये करनिवासी ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न देशात आणल्यास ते करपात्र मानले जाऊ लागले. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, त्यामुळे पेन्शन किंवा भाडे आणणाऱ्याने दोन्हीकडचे हिशेब जुळवून ठेवावेत.

आता पैशाविषयी, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. लग्नात वधूच्या आईवडिलांना ‘सिन सोत’ म्हणून रोख रक्कम आणि सोने देण्याची प्रथा आहे. हुंड्याच्या उलट दिशेने जाणारी ही रक्कम पाहून मराठी माणूस गोंधळतो. मुलगी वाढवल्याबद्दलची कृतज्ञता असा तिचा अर्थ तेथे मानला जातो, आणि ती किती असावी हे पत्नीनेच आधी आईशी बोलून ठरवावे. लग्नानंतरही आईवडिलांना दरमहा काही देणे हे लेकीचे कर्तव्य समजले जाते. त्याला खंडणी समजणारा परदेशी पती स्वतःही दुःखी होतो आणि पत्नीलाही करतो. वर्षाच्या आरंभी एक आकडा दोघांनी ठरवावा, तो पत्नीच्या हातूनच द्यावा, आणि त्यापलीकडील मागण्यांना, मग ते मेहुण्याच्या पिकअपचे हप्ते असोत की चुलतभावाचे बियाणे, नकार किंवा होकार तिलाच देऊ द्यावा. जावयाने परस्पर उसने दिलेले पैसे सहसा परत येत नाहीत, आणि ते मागितले की जावईच वाईट ठरतो.

गावातील लग्न, भिक्षूदीक्षा आणि मर्तिक यांसाठी पाकीट द्यावे लागते. यजमान रक्कम वहीत उतरवून ठेवतात, आणि आपल्याकडच्या आहेराच्या वहीप्रमाणेच ती पुढे परतफेडीसाठी उघडली जाते. मर्तिकासाठी पुष्कळ गावांत सामायिक निधी असतो. कोणी वारले की प्रत्येक घराकडून ठरलेली रक्कम गोळा होते. या निधीत आपले घर पहिल्याच वर्षी नोंदवावे. एखाद्या मोठ्या देणगीपेक्षा या लहान रकमेने माणूस गावचा होतो.

भाषेची तयारी करताना एक चूक टाळावी. पुस्तकातील मध्य थायी भाषा कार्यालयात उपयोगी पडते, पण घरात लाओला जवळची इसान भाषा बोलली जाते, आणि सुरीन-बुरीरामकडे कित्येक घरांत ख्मेर. ‘किन खाव लेव बो’, म्हणजे जेवलात का, हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानी पडतो. त्याचे उत्तर आले की अर्धे गाव ओळखीचे होते. नाती आपल्याइतकीच बारीक आहेत, पण कसोटी वेगळी आहे. आईचा किंवा वडिलांचा थोरला भाऊ ‘लुंग’, आईचे धाकटे भावंड, मग ती मावशी असो की मामा, ‘ना’. म्हणून समोरच्याचे वय आधी विचारून घ्यावे लागते आणि कोणी आपले वय विचारल्यास राग मानू नये.

भारतीय जावयाला ‘फरांग’ म्हणत नाहीत. त्याला ‘खेक’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा असा आहे, परंतु भारतीय, अरब आणि मुस्लिम लोकांसाठी तो सरसकट वापरला जातो आणि कधी त्याला हेटाळणीचा वासही असतो. घरच्यांच्या तोंडी तो बहुधा निरागस असतो, तेव्हा पहिल्याच दिवशी वाद घालू नये. बुद्धगयेची यात्रा करून आलेली एखादी आजी, किंवा देवघरात गणपती ठेवणारा एखादा दुकानदार या शब्दाचा रंग बदलून टाकतो.

जेवणात चिकट भात बोटांनी वळून खातात, ही आपल्याला अडचण नाही. अडचण शाकाहाराची आहे. ‘जे’ म्हटले की मांसासह कांदा-लसूणही वर्ज्य होतो, आणि नुसते ‘मांस नको’ म्हटले तर माशाचा सॉस ताटात येतोच. नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव सोडला तर खेड्यात असे अन्न बाहेर मिळण्याचा भरवसा नसतो. वेगळी चूल मांडण्यापेक्षा सासूबरोबर स्वयंपाकघरात बसून दोन-तीन पदार्थ ठरवून घ्यावेत. मांसाहारी माणसानेही कच्च्या नदीमाशाचे ‘कोई प्ला’ नम्रपणे नाकारावे, कारण त्यातून यकृतातील पर्णकृमीची लागण होते आणि तिचा पित्तनलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध सिद्ध झालेला आहे. दारूचा आग्रह टाळायचा असेल तर ‘फान्सा’चे तीन महिने उपयोगी पडतात. हा भिक्षूंचा वर्षावास, आपल्या चातुर्मासाचा नातेवाईक. त्या काळात दारू सोडली असे सांगणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही.

आरोग्याबाबत मधुमेहींनी विशेष सावध राहावे. ईशान्य थायलंडच्या ओल्या मातीत आणि पाण्यात मेलिऑइडोसिस या गंभीर रोगाचे जंतू असतात, आणि मधुमेह हा त्याचा मोठा धोका-घटक आहे. भातखाचरात अनवाणी उतरू नये, पायाला जखम असेल तर मुळीच नाही, आणि पावसाळ्यात ताप हटत नसेल तर डॉक्टरांना मधुमेह आणि चिखलाशी आलेला संपर्क या दोन्ही गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. सरकारी ‘तीस बात’ आरोग्य योजना थायी नागरिकांसाठी आहे. परदेशी पतीला विमा स्वतः घ्यावा लागतो, आणि तो साठीपूर्वी घेतलेला बरा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९ आहे.

शेवटी एक फाइल करावी. थायलंडमधील मालमत्तेचे थायी भाषेतील मृत्युपत्र, भारतातील मालमत्तेचे वेगळे, पासपोर्टची प्रत, विवाहनोंदणी, विमा, बँकेचा तपशील, दूतावासाचा पत्ता आणि अंत्यविधीविषयीची इच्छा त्यात असावी. घरी मृत्यू झाल्यास २४ तासांत नोंद करावी लागते आणि परदेशी माणसाच्या बाबतीत त्याच्या दूतावासालाही कळवावे लागते. त्या गडबडीत इंग्रजी कागद चाळत बसण्याची वेळ पत्नीवर येऊ नये, म्हणून प्रत्येक कागदावर थायी भाषेत एका ओळीचे शीर्षक चिकटवावे. फाइल कोणत्या कपाटात आहे हे पत्नीबरोबर सासूलाही दाखवून ठेवावे.