गोव्यात दिव्यांग पार्किंग: कागद कोणते, गाडी कशी लावायची आणि जागा अडवली तर काय करायचं

एका कचेरीत अर्ज केला, निळं कार्ड मिळालं, ते काचेला अडकवलं की देशभर कुठेही राखीव जागा मिळाली, अशी सोय भारतात नाही. विलायतेत आहे. इंग्लंडमधल्या स्विंडनहून सुट्टीला येणारी मंडळी तिकडचा ‘ब्लू बॅज’ घेऊन येतात, पण तो इथे कायद्याने चालत नाही. आपल्याकडे हेच काम तीन गोष्टी मिळून करतात: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र), आरसीवरची (गाडीच्या नोंदणीपत्रावरची) नोंद आणि काचेवरचं व्हीलचेअरचं चिन्ह. महत्त्वही याच क्रमाने. बाजारातला स्टिकर कुणीही विकत घेऊन लावतो, त्यामुळे तो नुसती खूण आहे, पुरावा नव्हे.

यूडीआयडीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर होतो. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद जोडायचे, इस्पितळ निवडायचं आणि बोलावणं आलं की तपासणीला जायचं. जुना कागदी दाखला असेल तर तोही पोर्टलवर चढवता येतो. गोव्यात अर्ज अडकतो तो बहुतेकदा नावावरून. जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं असतं आणि आधारवर वेगळं. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज करा. उलट केलं तर दोन्हीकडे हेलपाटे. कार्डावरची पट्टी पिवळी असली तर दिव्यांगत्व ४० ते ७९ टक्के, निळी असली तर ८० किंवा जास्त, पांढरी असली तर ४० पेक्षा कमी. बहुतेक सवलतींची कायदेशीर रेघ ४० टक्क्यांवर आहे. दाखला तात्पुरता असेल तर मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाला लागा.

आता आरसी. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने वाहन नोंदणीचा फॉर्म २० बदलला आणि मालकीच्या प्रकारांत ‘दिव्यांगजन’ हा प्रकार आणला: जीएसटी सवलत घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही. म्हणजे सवलत घेतली नाही तरी नोंद होऊ शकते. मात्र शोरूममधला माणूस सवयीने साधी वैयक्तिक मालकी भरून मोकळा होतो. नोंदणीला फाईल जाण्यापूर्वीच त्याला यूडीआयडीची प्रत द्या आणि भरलेला फॉर्म स्वतः वाचा. गाडी दिव्यांग व्यक्तीच्याच नावावर हवी. मुलाच्या किंवा भावाच्या नावावरच्या गाडीला ही नोंद मिळत नाही. म्हणून त्या गाडीने राखीव जागा वापरायची नाही असं मात्र नाही. जागा माणसासाठी असते. दिव्यांग व्यक्ती गाडीत असेल आणि कार्ड जवळ असेल तर गाडी कुणाची हा प्रश्न गौण. रेंट-अ-कॅबने फिरणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू. आणि आजी घरी असताना तिच्या कार्डावर मार्केटमध्ये गाडी लावणं ही लबाडी आहे. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर किंवा स्कूटरला बाजूची चाकं बसवली असतील तर तो बदल वाहतूक खात्याच्या परवानगीने आरसीवर चढलाच पाहिजे. तो न चढवता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा अडवायला कारण मिळतं. राष्ट्रीय महामार्गावरची टोलमाफीही दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनालाच असते. त्यासाठी सूट असलेला फास्टॅग वेगळा अर्ज करून घ्यावा लागतो; साध्या फास्टॅगमधून पैसे कापले जाणारच.

चिन्ह पुढच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आतून लावा, म्हणजे चालकाच्या नजरेआड काही येत नाही. दुसरं मागच्या काचेवर. नंबर प्लेटवर काहीही चिकटवू नका. मूळ यूडीआयडी डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिक वाकतं. पत्ता आणि जन्मतारीख झाकलेली रंगीत प्रत ठेवा, सोबत मोबाईल नंबर. मूळ कार्ड पाकिटात किंवा डिजिलॉकरमध्ये.

जागेचं माप कळलं की भांडणं निम्मी कमी होतात. राखीव जागा ३.६ मीटर रुंद, ५ मीटर लांब आणि प्रवेशदारापासून ३० मीटरच्या आत असायला हवी. साध्या गाडीला २.४ मीटर पुरतात. उरलेला १.२ मीटरचा पट्टा, बहुधा तिरक्या रेघांचा, दार पूर्ण उघडून व्हीलचेअर शेजारी लावण्यासाठी असतो. गोव्यात नेमक्या याच पट्ट्यात दुचाकी घुसतात, कारण बघणाऱ्याला तो रिकामा वाटतो. गाडी लावताना आधी पाहा: व्हीलचेअरवरची व्यक्ती कोणत्या बाजूने उतरणार? ती डावीकडे बसली असेल आणि पट्टा उजवीकडे पडत असेल, तर गाडी रिव्हर्समध्ये आत घ्या, बाजू बदलते. पट्टाच आखलेला नसेल तर आधी रस्त्यावर सुरक्षित ठिकाणी उतरवा, मग गाडी लावा. पावसाळ्यात पाणी साचणारी जागा ओळखून घ्या. शेवाळलेल्या फरशीवर कुबडीचं रबर सटकतं. बाजूच्या चाकांची स्कूटर दुचाकींच्या रांगेत मावत नाही, ती राखीव जागेतच लावा आणि हटकलं तर आरसी दाखवा. एक सूचना: राखीव म्हणजे फुकट नव्हे. पे-पार्किंगचा दरफलक वाचा.

जागा अडवलेली दिसली तर वाद घालत बसू नका. एकाच फोटोत गाडीचा नंबर आणि जमिनीवरचं किंवा खांबावरचं चिन्ह, दोन्ही आलं पाहिजे. नुसत्या नंबर प्लेटच्या फोटोवरून काही सिद्ध होत नाही. सार्वजनिक रस्ता असेल तर वाहतूक पोलीस, मॉल किंवा इस्पितळाचं आवार असेल तर तिथलं व्यवस्थापन, पालिकेचा वाहनतळ असेल तर पालिका. तोंडी सांगणं वाऱ्यावर जातं, म्हणून लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही, किंवा मुळात राखीव जागा आखलेलीच नसेल, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करा: ठिकाण, तारीख, फोटो आणि आधीच्या अर्जाची पोच जोडून. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. बसस्थानक, रेल्वे स्थानक किंवा विमानतळाबद्दल तक्रार असेल तर अर्जात त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ४१ लिहा; त्यात पार्किंगचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे.