निवृत्तीनंतरचं गाव कसं निवडावं: आधी एक पावसाळा भाड्याने काढा

'निवृत्तीनंतर राहायला स्वस्त आणि मस्त शहरं' अशी यादी दर दोन महिन्यांनी आमच्या भिशीच्या ग्रुपवर येते. समुद्र, डोंगर, शुद्ध हवा. यादी करणारा त्या गावात कधी दळण टाकायला गेलेला नसतो. मी डोंबिवली सोडली, एकदा फसले, मग साताऱ्यात स्थिरावले. त्यानंतर नात्यातल्या-ओळखीतल्या नऊ जोडप्यांबरोबर गावं पालथी घातली. त्या अनुभवावर सांगते. पेन्शन किती, महिन्याचा खर्च किती, मुलांचं म्हणणं काय, हे तुमचं ठरलेलं आहे असं धरते.

आधी तीन गावांची नावं काढा. त्यासाठी फोटो बघू नका, एसटीचं आणि रेल्वेचं वेळापत्रक बघा. मुलगा किंवा मुलगी रात्री निघाली तर सकाळी पोचली पाहिजे. जिल्ह्याचं ठिकाण किंवा मोठा तालुका चालेल. पर्यटकांचं गाव सरळ खोडा. तिथे भाजीसुद्धा पाहुण्यांच्या भावाने घ्यावी लागते.

मग प्रत्येक गावी मंगळवार-बुधवार बघून दोन दिवस राहून या. उतरायचं लॉजवर. नातेवाइकांकडे उतरलात तर पाहुणचार होतो, गाव दिसत नाही.

आता खरं काम. तिथे वर्षभर भाड्याने राहायचं, आणि त्यात तिथला सर्वांत वाईट ऋतू आलाच पाहिजे.

आम्ही हे केलं नाही. डिसेंबरात दापोली बघितली. कोवळं ऊन, कर्द्याचा किनारा, हर्णैच्या बंदरावरची ताजी मासळी. यांनी तिसऱ्या दिवशी टोकन दिलंसुद्धा. जूनच्या अखेरीस दाराशी ठेवलेल्या चपला हिरव्या झाल्या. जुलैत कपाटातल्या पैठणीवर बुरशीचे ठिपके, पापड मऊ, मिठाचं पाणी. पायऱ्यांवर शेवाळ धरलं म्हणून मी एकदा सलग चार दिवस उंबरा ओलांडला नाही. लाइट गेली की कधी कधी दीड दिवसाने यायची आणि इन्व्हर्टर त्याच्या आत मान टाकायचा. एका रात्री यांच्या छातीत कळ आली. गाडीवाला मिळायलाच पाऊण तास गेला, आणि ते पित्त आहे हे कळेपर्यंत आम्ही धो-धो पावसात खेडमार्गे चिपळूणच्या वाटेला लागलो होतो. त्या रस्त्याचं एकेक वळण मला अजून पाठ आहे.

यात दापोलीचा काही दोष नाही. तिथल्या माणसांना आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरणं, पडवीला झावळ्यांची झापं बांधणं अंगवळणी पडलेलं असतं. साठीनंतर आलेल्या डोंबिवलीकराने ते एका पावसात शिकावं, ही अपेक्षाच खुळी. तीन वर्षांनी घर विकलं तेव्हा मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि ग्रिल-फर्निचर, सगळे पैसे गेले. तेवढ्यात कितीतरी वर्षांचं भाडं निघालं असतं.

तेव्हा भाडेकरार करा. लीव्ह अँड लायसन्स साधारण 11 महिन्यांचं होतं. कोकणात किंवा घाटमाथ्याजवळ जाणार असाल तर ते मे महिन्यातच सुरू करा, म्हणजे पाऊस पूर्ण पदरात पडतो. करार नोंदवून घ्या, कायद्याने तो नोंदवावाच लागतो. विदर्भात जाणार असाल तर परीक्षेचा महिना मे. अमरावती-नागपूरचा हिवाळा बघून घर घेणाऱ्यांना मी हात जोडते. सांगली, कोल्हापूर, चिपळूण डोक्यात असेल तर ऑगस्टपर्यंत थांबा आणि शेजाऱ्यांना विचारा, 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं. दलाल सांगणार नाही. वाणी भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

आणि हो, जुनं घर या वर्षात विकायचं नाही. "विकलं की मन घट्ट होतं" असा सल्ला आम्हाला एका शहाण्याने दिला होता. मन घट्ट होत नाही, परतीची वाट बंद होते.

या 11 महिन्यांत पर्यटन बंद. स्वतःची गाडी असली तरी महिनाभर तिला हात लावू नका; सत्तरीनंतर ती तशीही मुलं काढून घेणार आहेत. रिक्षा सांगितल्यावर येते का, मिक्सर बिघडला तर कोण दुरुस्त करतं, नळाला पाणी रोज की दिवसाआड, बीपीची नेहमीची गोळी मिळते की मागवावी लागते, हे जगून बघा. गाव स्वस्त की महाग ते इथे ठरतं. घरभाडं निम्मं, पण दर तपासणीला गाडी करून दुसऱ्या शहरात जायचं, त्यात एक मुक्काम, ही कसली स्वस्ताई?

एक परीक्षा मी सगळ्यांना सक्तीने द्यायला लावते. रात्री अकरा वाजता घड्याळ लावून रिक्षाने जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. कॅज्युअल्टीत विचारा: रात्री हृदयाचे डॉक्टर असतात का, अँजिओप्लास्टी इथेच होते का, की पुढे पाठवता? पाठवता तर कुठे? सावंतवाडी मला फार आवडतं. मोती तलावाकाठी संध्याकाळ छान जाते. पण सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण गोव्याला बांबोळीला न्यावे लागतात हे कळल्यावर माझ्या मधुमेही नणंदेने मिरज घेतलं. मिरजेत बघायला फारसं काही नाही, पण दवाखाने पावलापावलावर आणि रेल्वेचं जंक्शन. 108 ची रुग्णवाहिका किती वेळात येते तेही शेजारी विचारून ठेवा. सत्तरी पार केली असेल तर उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान कार्ड निघतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत. फक्त ते चालणारं रुग्णालय त्या गावात आहे का, ते बघा.

वर्ष काढल्यावरही गाव आवडलं, तर घर शोधणं किरकोळ आहे. तळमजला किंवा लिफ्ट, संडासात धरायला दांडा, बाजार पायी. आणि रस्त्याचा चढ बघा. सातारा मला मानवलं, पण इथले चढ गुडघे मोजून घेतात; आम्ही वरच्या पेठेतली एक सुंदर जुनी वास्तू केवळ चढामुळे सोडली. शेती घेऊन फार्महाउस बांधायचं खूळ असेल तर सातबाऱ्यावर आधी तुमचं नाव कुठे आहे का बघा. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात एरवी शेतजमीन घेता येत नाही.

शेवटी कागद. आधारवरचा पत्ता, गॅस, पेन्शनची बँक, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कुठून द्यायचा ते. एसटीत 65 नंतर अर्धं तिकीट आणि 75 नंतर फुकट. बायकांना कुठल्याही वयात अर्धं, त्यामुळे डोंबिवलीच्या भिशीला मी अजूनही जाते. हे घरीच थांबतात.