इंग्रजी उच्चारांवर प्रकल्प करायचाय? एकच ध्वनी धरा

उच्चारशास्त्राचा प्रकल्प म्हटलं की कोल्हापुरातली बी.ए.ची पोरं हमखास 'मराठी विद्यार्थ्यांच्या उच्चारातील चुका' हा विषय घेऊन येतात. तो घेऊ नका. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि निम्मी पानं ४४ ध्वनींचा तक्ता उतरवण्यात जातात.

प्रश्न एका वाक्यात मावेल एवढाच घ्या. उदाहरणार्थ 'व'. इंग्रजीत 'व्हेस्ट'चा पहिला ध्वनी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून निघतो, 'वेस्ट'चा ओठांचा चंबू करून. आपला व या दोहोंच्या मधला. लिहिताना मात्र आपण व्हॅन आणि वॉच असा फरक पाळतो. गंमत पुढेच आहे: व्हाइट, व्हेल, व्हॉट्सॲप यांतही आपण व्ह लिहितो, कारण स्पेलिंगात डब्ल्यूमागोमाग एच येतो. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात तिथं साधा डब्ल्यूचाच ध्वनी असतो. स्कॉटलंड-आयर्लंडमधल्या काही लोकांच्या तोंडी मात्र तिथं फुंकर ऐकू येते. मग आपल्याकडचा माणूस 'व्हाइट' म्हणताना कानाचं ऐकतो की स्पेलिंगचं? झाला प्रकल्प.

आता शब्द जमवा. तीन गट: व्हॅन, व्हेस्ट, व्हाइन; वॉच, वेस्ट, वाइन; व्हील, व्हेल, व्हाइट. मध्ये फिश, टेबल असे भलतेच शब्द पेरा, म्हणजे बोलणाऱ्याला तुम्ही काय शोधताय ते कळणार नाही. आधी व्हॅन, घड्याळ, चाक, देवमासा यांची चित्रं दाखवून इंग्रजी नावं विचारा, मगच रोमन लिपीतली यादी वाचायला द्या. चित्राला एक उच्चार आणि वाचताना दुसरा आला, तर तुमचं उत्तर तिथंच आहे.

बोलणारे दहा-बारा पुरेत. अर्धे मराठी माध्यमाचे, अर्धे इंग्रजी माध्यमाचे, वयानं जवळपासचे. लेखी संमती घ्या, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची. अहवालात नावाऐवजी क्रमांक. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्हनं १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत 'फोर्थ फ्लोअर' हे उत्तर येईल असाच प्रश्न विचारून त्यातला र उच्चारला जातो का, ते टिपलं होतं. महागड्या दुकानातल्या ६२ टक्के नोकरांनी तो थोडाफार तरी उच्चारला, मधल्यातल्या ५१, स्वस्तातल्या फक्त २०. राजारामपुरीतल्या शोरूममध्ये हा डाव जमेलही, पण चोरून रेकॉर्डिंग नको. त्यानंही कागदावरच टिपलं होतं.

रेकॉर्डिंग बंद खोलीत, पंखा बंद करून. रंकाळ्यावर वारा नि भेळवाले दोन्ही येतात. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब ठेवा, फाईल वेव्ह स्वरूपात ठेवा आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. शक्य असेल तर फक्त ओठांचा व्हिडिओ घ्या: दात टेकले की ओठ गोल झाले, ते सरळ दिसतं.

नोंदी दोघांनी वेगवेगळ्या कराव्यात आणि मग ताडून पाहाव्यात. जिथं जुळत नाही ते शब्द लपवू नका, तेही मांडा. आवाजाचा आलेख हवा असेल तर प्रात (Praat) हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. निष्कर्षात 'कोल्हापूरकर असं बोलतात' लिहू नका. 'या बारा जणांत असं आढळलं' एवढंच.

ध्वनिचिन्हांसाठी युनिकोड फॉन्ट वापरा आणि छापायला पीडीएफच न्या, नाहीतर झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर चिन्हांच्या जागी नुसते चौकोन उमटतात.